गोव्यात सर्फिंगचा पहिला धडा : भरती-ओहोटी पाहण्यापासून लाटेवर उभं राहण्यापर्यंत

सर्फिंगच्या पहिल्या वर्गाला आलेल्या माणसाचं सगळं लक्ष उभं राहण्याकडे असतं. पण उभं राहता येणार की नाही हे बरंचसं त्याआधीच ठरून गेलेलं असतं. किती वाजता पाण्यात उतरलात, भरती कुठवर आली होती, बोर्ड किती लांब होता आणि त्यावर पालथं झोपताना पायांची बोटं नेमकी कुठे होती, यावर ते ठरतं. म्हणून या लेखात उभं राहण्यापेक्षा त्याच्या आधीच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे. चार-पाच दिवसांच्या गोव्याच्या सुट्टीत एखादी सकाळ, किंवा जमल्यास सलग तीन सकाळी सर्फिंगला द्यायच्या, असं गृहीत धरलं आहे.

कुठे आणि कोणत्या महिन्यात

उत्तर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात हरमल, मांद्रे, आश्वे आणि मोरजी हे किनारे एकामागोमाग लागतात. नवशिक्यांसाठी गोव्यातला सगळ्यात सोयीचा पट्टा हाच. दक्षिणेत काणकोण तालुक्यातला आगोंदही चांगला आहे. या ठिकाणी तळ बहुतांशी वाळूचा आहे आणि पाणी हळूहळू खोल होत जातं, त्यामुळे लाट लांबवर फुटते आणि तिचा फेस बराच वेळ किनाऱ्याकडे धावत राहतो. शिकणाऱ्याला हवा असतो तो हा फेस. खडकाळ तळावर फुटणारी सुबक हिरवी लाट चित्रात छान दिसते, पण पहिल्या दिवशी तिच्या वाटेला जायचं नाही. आश्वेला आणि हरमलच्या उत्तर टोकाला खडकही आहेत, त्यामुळे वर्गाची जागा खडकांपासून चांगली लांब आहे ना हे पाहून घ्या. नद्यांची मुखंही टाळायची : मोरजीच्या दक्षिणेला शापोरा नदी, केरीला तेरेखोल. ओहोटीच्या वेळी नदीचं पाणी जोरात समुद्राकडे ओढलं जातं आणि त्या ओढीपुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही.

मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांना थिवी किंवा पेडणे स्थानक सोयीचं, विमानाने येणाऱ्यांना मोपा. तळकोकणातून रस्त्याने आलात तर रेडी, तेरेखोल, केरी, हरमल असा किनाऱ्याकिनाऱ्याचा रस्ता आहे, मध्ये तेरेखोल नदी फेरीबोटीने ओलांडायची.

हंगाम ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचंच नाही, कोणी कितीही कमी पैशांत शिकवतो म्हणाला तरी. पावसाळ्यात लाटा नुसत्या मोठ्या नसतात, त्या वेड्यावाकड्या फुटतात, समुद्राच्या आत ओढणारे प्रवाह जागा बदलत राहतात आणि गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे या काळात दक्षिण हिंदी महासागरातून आलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा थोड्या जोमदार असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत समुद्र सहसा शांत असतो आणि लाटा गुडघ्याएवढ्या. मात्र अधूनमधून अरबस्तानच्या बाजूने शमाल नावाचे वायव्येचे वारे जोर धरतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा दूरवर प्रवास करून कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोचतात, तेव्हा हिवाळ्यातही दोन-तीन दिवस चांगली लाट मिळते.

लाट किती मोठी असावी? गुडघ्यापासून कमरेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा ते एक मीटर. अंदाज पाहताना उंचीबरोबर सेकंदांचा आकडाही बघायचा : एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते तो. चार-पाच सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याने उठलेली, तोकडी आणि विस्कळीत असते. दहा-बारा सेकंदांची लाट लांबून आलेली असते आणि तेवढ्याच उंचीची असूनही तिचा धक्का कितीतरी जोराचा असतो. एक मीटर आणि बारा सेकंद हे नवशिक्यासाठी वरचं टोक समजा. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था समुद्रस्थितीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे जाहीर करते. इशारा असेल त्या दिवशी वर्ग रद्द करायचा.

किती वाजता : वारा आणि तिथी

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे उपयोगी पडतात. रात्रभर जमीन थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारा वाहत राहतो. तो लाटेला समोरून हलका टेकू देतो आणि तिचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. ऊन चढलं की वारा उलटतो. साधारण अकरा-बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, लाटा चुरगाळल्यासारख्या होतात आणि बोर्ड हातात धरून चालणंही कठीण जातं. म्हणून वर्ग सकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान असावा. दुपारी चारचा वर्ग देऊ केला तर सकाळची जागा मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

भरती-ओहोटीसाठी किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे. गोव्यात दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्याही नसतात, त्यामुळे भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्यायचंच. पण सुट्टीच्या तारखा ठरवताना कालनिर्णय समोर ठेवून तेवढ्या हिशेबाने बरंच काम होतं.

शिकायला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे अर्धी भरती, त्यातही पाणी चढत असताना. पूर्ण भरतीला वाळूचा पट्टा अरुंद उरतो आणि लाट थेट किनाऱ्याच्या चढावर आपटते. त्या आपटण्यात खांदा किंवा मान दुखावते. पूर्ण ओहोटीला लाट उथळ पाण्यात एकदम कोसळते आणि बोर्डाची फिन, म्हणजे तळाशी असलेलं परासारखं पातं, वाळूला लागतं. आता हिशेब करा : पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटी पहाटे पाचला आणि भरती सव्वाअकराला, म्हणजे सकाळी आठला पाणी अर्ध्यावर आणि चढतं. उत्तम. सप्तमी-अष्टमीला आठच्या सुमाराला पाणी अर्ध्यावर पण उतरतं, तरीही चालेल. चतुर्थी-पंचमीला ऐन वर्गाच्या वेळी ओहोटी आणि एकादशी-द्वादशीला ऐन भरती. त्या दिवशी प्रशिक्षकाशी बोलून वर्ग तासभर अलीकडे-पलीकडे करून घ्या. एक लक्षात ठेवा : पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाण्याची चढ-उतार गोव्यात दोन मीटरच्या घरात जाते आणि प्रवाहही जोरात असतात. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, पाणी संथ. पाण्याची भीती असलेल्यांनी अष्टमीच निवडावी.

शिकवणारा निवडताना

फोनवर विचारायचे प्रश्न मोजके आहेत. एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण? चारपर्यंत ठीक, सहाच्या वर गेलं की तुमच्या वाट्याला लाटेपेक्षा वाट पाहणं जास्त येतं. प्रशिक्षकाकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं किंवा सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र आहे का, आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण आहे का? वाळूवरचा सराव किती वेळ? वीस ते तीस मिनिटं हवीत. पाच मिनिटांत पाण्यात नेणारा प्रशिक्षक तुमचे पुढचे दीड तास वाया घालवतो. वर्ग कुठल्या भाषेत, हेही विचारायला संकोच नको. लाट अंगावर येत असताना सूचना समजायला एक सेकंदही जास्त लागू नये. दर विचारताना बोर्ड, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) आणि अंगात घालायचं रॅश गार्ड त्यातच धरलंय का, आणि समुद्र खराब निघाला तर पैसे परत की तारीख बदलून, हे दोन्ही आधीच स्पष्ट करून घ्या.

आणि एक प्रश्न त्यांनी तुम्हाला विचारायला हवा : पोहता येतं का, खांदा निखळलेला आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, फिट येतात का, गरोदर आहात का? हे न विचारता थेट पैसे घेणाऱ्याकडे शिकू नका. पहिला धडा कमरेएवढ्या पाण्यात होतो, त्यामुळे पोहता न येणाऱ्यांनाही बरेच जण शिकवतात. तरी पाठीवर तरंगता येणं आणि तोंडात पाणी गेल्यावर न घाबरणं एवढं तरी जमायला हवं. गावातल्या तलावात दोन आठवडे तेवढंच शिकून या.

अंगावर काय, पोटात काय

गोव्यात पाणी वर्षभर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असतं, वेटसूटची गरज नाही. पूर्ण बाह्यांचं रॅश गार्ड आणि गुडघ्याखालपर्यंत येणारी पोहण्याची घट्ट विजार हा सगळ्यांत चांगला पोशाख, स्त्री-पुरुष दोघांनाही. फोमच्या बोर्डावर पालथं घासून छाती, पोट, गुडघे आणि मांड्यांच्या आतल्या बाजू सोलवटतात, ते यामुळे टळतं. सुती टीशर्ट भिजून जड होतो आणि वर चढतो. अंगठ्या, मंगळसूत्र, नथ, कानातले खोलीवर ठेवून या. लीशमध्ये किंवा केसांत अडकलेला दागिना तुटतो तरी किंवा कातडी ओढतो. लांब केस घट्ट वेणीत. चष्मा काढावाच लागतो. कॉन्टॅक्ट लेन्स वाहून जायची शक्यता मोठी, शिवाय वाळू आत अडकली तर डोळा दुखतो.

सनस्क्रीन एसपीएफ 50चं, झिंक असलेलं, पाण्यात जायच्या अर्धा तास आधी. कानांच्या पाळ्या, मान, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग लोक हमखास विसरतात. पालथं झोपल्यावर ऊन नेमकं तिथेच लागतं. तळव्यांना आणि पोटाकडे मात्र लावू नका, बोर्ड निसरडा होतो.

दीड-दोन तास आधी हलकं खाणं : दोन केळी, थोडे पोहे किंवा पाव. भरल्या पोटावर पालथं झोपून वल्हवलं की मळमळतं. आदल्या रात्री मद्य घेतलं असेल तर सकाळचा वर्ग पुढे ढकला. प्रतिक्षिप्त क्रिया मंदावलेल्या असतात आणि शरीरात पाणी कमी असतं.

बोर्ड

नवशिक्याला मऊ फोमचा, आठ ते नऊ फुटी, बावीस-तेवीस इंच रुंद आणि सुमारे तीन इंच जाड बोर्ड लागतो. साठ किलोपर्यंत वजन असेल तर आठ फूट, ऐंशीच्या पुढे नऊ. मधल्यांनीही मोठाच मागावा. लहान बोर्ड हातात घेतला की आपण तरबेज दिसतो असं वाटतं, पण त्याला तुमचं वजन तोलण्याइतका फुगवटा नसतो आणि लाट खालून निघून जाते. उलट दिशेनेही मर्यादा आहे : नऊ फुटी बोर्ड सहा-आठ किलोंचा असतो, बारा वर्षांच्या मुलाला तो सांभाळता येत नाही.

नावं ओळखून घ्या, कारण पाण्यात सूचना याच शब्दांत मिळतील. पुढचं टोक नोज, मागचं टेल, वरची बाजू डेक, दोन्ही कडा रेल. मधोमध लांबीने जाणारी रेघ स्ट्रिंगर. टेलखाली तीन फिन, बोर्ड सरळ ठेवणाऱ्या. टेलला बांधलेली प्लॅस्टिकची दोरी म्हणजे लीश. तिचा पट्टा मागच्या पायाच्या घोट्याच्या वर बांधतात, दोरी बाहेरच्या बाजूला आणि मागे येईल अशी. आत आली तर उभं राहताना पायातच अडकते.

मागचा पाय कोणता? डोळे मिटून सरळ उभे राहा आणि कोणालातरी न सांगता मागून हलकं ढकलायला सांगा. तोल सावरायला जो पाय पुढे पडतो तो पुढचा. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा पुढे असेल तर गूफी. दोन्ही सारखेच चांगले. गोंधळ वाटला तर वर्गात दोन्ही बाजूंनी करून बघा, शरीर आपोआप सांगतं.

बोर्ड नेताना दोघांनी दोन बोर्ड बगलेत धरून पुढे-मागे चालावं. किनाऱ्यावर ठेवताना फिन वर आणि डेक खाली, सावलीत. तापलेल्या उन्हात फोम फुगतो.

वाळूवर

वाळूवर सराव करताना फिन कडक वाळूत दाबल्या की मोडतात. भुसभुशीत वाळूत खळगे करून त्यात फिन ठेवा, नाहीतर वाळूवरच बोटाने बोर्डाची आकृती काढून तिच्यावर सराव करा. पुढचा क्रम किमान पंधरा वेळा.

पालथं झोपा. शरीर स्ट्रिंगरवर सरळ, पाय जुळलेले, पायांची बोटं टेलच्या काठाला जेमतेम टेकलेली. पाण्यात गेल्यावर नोज चार बोटं पाण्याच्या वर दिसायला हवं. ते बुडत असेल तर दोन इंच मागे सरका, आकाशाकडे बघत असेल तर पुढे. ही जागा सापडली की हनुवटी बोर्डाच्या कुठल्या खुणेवर येते ते लक्षात ठेवा. प्रत्येक लाटेला परत तिथेच झोपायचं आहे. पहिल्या धड्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

छाती किंचित उचला, नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या माडावर किंवा शॅकच्या छपरावर. हात आळीपाळीने पाण्यात खोल घालून मांडीपर्यंत ओढा. दोन्ही हात एकदम मारले की बोर्ड गचके खातो.

आता तळवे शेवटच्या बरगडीजवळ, डेकवर सपाट ठेवा. रेल पकडायच्या नाहीत. पकडल्या की शरीराचं वजन एका कडेवर जातं आणि बोर्ड उलटतो. कोपर मागे, अंगाला लागून. हात सरळ करत छाती उचला : सूर्यनमस्कारातलं भुजंगासन. मग मागचा पाय आडवा करून टेलजवळ रोवा, कंबर उचला आणि पुढचा पाय एकदम दोन्ही तळव्यांच्या मधोमध आणा. हे अश्वसंचालनासनाच्या अगदी जवळचं आहे, फक्त पाऊल तिरकं पडतं. मागचं पाऊल स्ट्रिंगरला काटकोनात, पुढचं साधारण पंचेचाळीस अंशांत, दोन्ही स्ट्रिंगरच्या बरोबर वर, अंतर खांद्यांपेक्षा थोडं जास्त. तळवे शेवटी सोडा. गुडघे वाकलेले, हात पुढे, कंबर खाली, नजर माडावर.

रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना हे पहिल्या तासात जमतं. बाकीच्यांनी सुट्टीच्या तीन आठवडे आधीपासून रोज बारा नमस्कार आणि दहा जोर सुरू केले तर पाण्यात खांदे लवकर थकत नाहीत.

पाण्यात

पाण्याकडे जाताना पावलं उचलून न टाकता वाळूत फरफटत न्या. पाकट वाळूत अंग झाकून पडून असतो आणि पाय त्याच्यावर पडला तरच शेपटीचा काटा मारतो. पायांची चाहूल लागली की तो स्वतःच निघून जातो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. जेलीफिश चिकटला तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुवू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन जीवरक्षकाकडे जा.

बोर्ड नेहमी तुमच्या बाजूला, नोज समुद्राकडे. तो तुमच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा कधीच येता कामा नये. गुडघ्याएवढा फेससुद्धा आडवा बोर्ड इतक्या जोरात मागे फेकतो की पोटात किंवा दातांवर बसतो. फेस आला की टेल दाबून नोज वर करा, बोर्ड वरून निघून जातो. सर्फिंगमध्ये बहुतेक जखमा स्वतःच्याच बोर्डाने होतात, म्हणून एवढा आग्रह.

कमरेएवढ्या पाण्यात थांबा. पहिल्या तीन-चार लाटा फक्त पालथं झोपून घ्या, उभं राहायचं नाही. हे बरेच जण टाळतात आणि चुकतात. झोपून लाट घेताना नोज कधी बुडतं, वेग कधी पकडतो, शरीर किंचित डावीकडे झुकलं की बोर्ड कुठे जातो, हे सगळं अंगाला कळतं. थांबायचं असेल तर मागे सरकून पाय पाण्यात सोडा.

मग पूर्ण क्रम. फेस पाच-सहा मीटरवर असताना बोर्ड किनाऱ्याकडे सरळ वळवा, आपल्या खुणेवर झोपा. प्रशिक्षक मागून धरतो आणि वल्हवायला सांगतो. तीन-चार खोल हात. फेस टेलला लागला की बोर्ड झटक्यात पुढे जातो. इथे घाई करायची नाही. आणखी दोन हात मारा, बोर्ड स्वतःच्या वेगाने सरकतोय असं जाणवू द्या, मगच तळवे टेकवून उठा. वेग असलेला बोर्ड सायकलसारखा असतो : चालती सायकल तोल धरते, थांबलेली पडते.

लाट संपत आली, पाणी गुडघ्याएवढं झालं की बोर्डावरून मागच्या बाजूला उतरा. अगदी वाळूपर्यंत जाऊ नका, फिन रुततात आणि माणूस पुढे फेकला जातो. पडताना कधीही सूर मारायचा नाही आणि पाय सरळ ताठ करूनही उडी नको. पाठीवर किंवा कुशीवर, सपाट, बोर्डापासून लांब, समुद्राच्या बाजूला पडा. पाण्यात गेल्यावर दोन्ही हात डोक्याभोवती घ्या आणि वर येताना एक हात आधी बाहेर काढा. लीशने ताणलेला बोर्ड परत तुमच्याकडेच येत असतो. दुसऱ्या शिकणाऱ्यापासून किमान पाच मीटर अंतर ठेवा : एक बोर्ड आणि एक लीश यांची ती लांबी आहे.

काय बिघडतं आणि का

नोज पाण्यात खुपसून कोलांटी झाली : फार पुढे झोपला होतात, किंवा उठताना वजन हातांवर पुढे ढकललंत. दोन इंच मागे सरका.

लाट खालून निघून गेली, बोर्ड जागेवरच : फार मागे होतात, वल्हवायला उशीर झाला, किंवा वल्हवताना डोकं खाली घातलं. नोज आकाशात असेल तर बोर्ड नांगरासारखा पाणी अडवतो.

उठताना गुडघा टेकतो : सगळ्यांत चिवट सवय ही. गुडघ्यावर दोन-तीन लाटा मजेत जातात, मग शरीर तेवढ्यावरच समाधान मानतं, आणि गुडघ्यावरून पाय पुढे आणताना बोर्ड डुलतो. कंबर पुरेशी उचलली जात नाही हे त्याचं कारण. वाळूवर परत जा आणि फक्त कंबर उचलण्याचा सराव दहा वेळा करा. दहा मिनिटं गेली तरी चालतील.

उभे राहिलात आणि लगेच बाजूला पडलात : पावलं स्ट्रिंगरच्या एका बाजूला पडली, किंवा पाय जवळ आले. पायांकडे बघितलंत तर हमखास. डोकं जिथे झुकतं तिकडे शरीर जातं. माडाकडे बघा.

उभे राहिल्यावर बोर्ड मंदावून बुडतो : वजन मागच्या पायावर. माणूस घाबरला की मागे झुकतो, आणि टेल खाली गेली की ती ब्रेकचं काम करते. पुढचा गुडघा जास्त वाकवा, छाती त्या गुडघ्यावर आणा.

पाय ताठ : सरळ उभं राहिलं की दिमाखदार वाटतं, पण लाटेचा प्रत्येक हिसका थेट डोक्यापर्यंत पोचतो.

आणि शेवटी दमणूक. तासाभराने खांदे उचलत नाहीत, उठायला अर्धा सेकंद जास्त लागतो आणि सगळं चुकायला लागतं. दोन लाटा सोडून द्या, कडेला बसून पाणी प्या. थकलेल्या शरीराने घेतलेल्या शेवटच्या पाच लाटांतच दुखापती होतात.

ओढ आणि झेंडे

गोव्याच्या किनाऱ्यांवर दृष्टी मरीनचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळा झेंडा म्हणजे त्या पट्ट्यात त्यांची नजर आहे, नुसता लाल म्हणजे पाण्यात उतरू नका. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये लोक पोहत असतात, तिथे बोर्ड नेऊ नका. त्यांच्यापासून बाजूला, पण जीवरक्षकाला दिसाल अशा जागी वर्ग असावा.

किनाऱ्यावर आलेलं पाणी परत समुद्रात जाताना एका अरुंद वाटेने जोरात ओढलं जातं. ती वाट ओळखता येते : दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मध्ये एक गडद, शांत पट्टा आहे, त्यात फेस समुद्राकडे चाललाय. नवख्याला नेमकी तीच शांत जागा सुरक्षित वाटते. पाण्यात उतरण्यापूर्वी पाच मिनिटं उंचवट्यावर उभं राहून प्रशिक्षकाला ती दाखवायला सांगा. ओढीत सापडलात तर बोर्ड सोडू नका, तो तुमचा तराफा आहे. त्यावर पालथं झोपा, एक हात वर करून हलवा. किनाऱ्याकडे सरळ वल्हवण्यात दम जातो आणि अंतर कापलं जात नाही. किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतायत त्या बाजूला जा, आणि मग फेसाबरोबर बाहेर या.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. जाळी किंवा कुंपण घातलेल्या जागेतून बोर्ड नेऊ नका, आणि पहाटे वाळूवर कासवाच्या खुणा दिसल्या तर वन खात्याच्या माणसाला सांगा.

दुसरा आणि तिसरा दिवस

पहिल्या दिवशी वीस-तीस प्रयत्नांत चार-पाच लाटांवर तीन सेकंद उभं राहिलात तरी धडा चांगला झाला. संध्याकाळी खांदे, मान आणि पाठ दुखते. सोलवटलेल्या जागा गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या करा, रात्री खोबरेल तेल लावा. दुसऱ्या सकाळी अंग जड वाटेल, तरी जाच. सलग तीन सकाळी केलेला सराव महिनाभराच्या अंतराने घेतलेल्या तीन वर्गांपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, कारण हात कुठे टेकायचे हे विचार न करता जमू लागतं.

दुसऱ्या दिवशी पहिली पंधरा मिनिटं परत वाळूवर. मग प्रशिक्षकाला म्हणा की वळवणं आणि झोपणं मी करेन, तुम्ही फक्त ढकला. तिसऱ्या दिवशी ढकलूही नका म्हणावं. स्वतः लाट निवडायची, स्वतः वल्हवायचं. त्या दिवशी निम्म्या लाटा हुकतील. रोज भरती पाऊण तास पुढे सरकते हे ध्यानात ठेवा : पहिल्या दिवशी साडेसातला जेवढं पाणी होतं, तेवढं तिसऱ्या दिवशी नऊला मिळेल, आणि अकराचा खारा वारा काही तुमच्यासाठी थांबणार नाही. म्हणून तिन्ही दिवसांच्या वेळा पहिल्याच दिवशी एकत्र बसून ठरवून घ्या.